मोठ्या गंजावरचं नाव

१ जानेवारी २००७, सोमवार

ही डायरी राळेगावच्या कृषी केंद्रवाल्याने फुकट दिली. दर पानाखाली फवारणीच्या औषधाची जाहिरात आणि कोपऱ्यात हसणारा शेतकरी. एवढा हसणारा शेतकरी आमच्या गावात तरी मी पाहिलेला नाही.

पंचायत समितीच्या गौरी मॅडम म्हणाल्या, गटाला शासनाचं अनुदान पाहिजे असेल तर सचिवाने नोंदी ठेवल्या पाहिजेत. सचिव मी. गटात दहावी झालेल्या दोघीच, आणि दुसरी म्हणते माझं अक्षर चांगलं नाही. म्हणून ही धोंड माझ्या गळ्यात.

तर नोंद अशी. उजेड महिला बचत गट. अध्यक्ष भागीरथाबाई भोयर, म्हणजे पोलीस पाटलांच्या घरच्या. सचिव नलू श्रावण नेवारे. आज बैठक झाली नाही, सगळ्या कापूस वेचायला गेल्या होत्या.

घरचं इथे लिहावं की नाही हे मॅडमनी सांगितलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या मुलीचं, पायलचं लग्न ठरलं आहे. मुलगा वणीचा, कोळशाच्या ट्रकांचा मेकॅनिक. पायलचे बाबा दसरा झाल्यावर गुजरातेत गेले ते अजून तिकडेच. आमच्याकडचं कापसाचं जिनिंग बंद पडलं आणि हे जिनिंगचे फिटर, घरी बसून काय करणार. तिकडे म्हणे जिनिंग थांबतच नाही. उन्हाळा लागला की परत येतील.

९ जानेवारी

मॅडमसोबत बैठक झाली, म्हणजे भांडणच झालं. छोटं अनुदान आहे, गावाच्या सामुदायिक कामासाठी. मॅडमच्या यादीत शेळ्या, पापड आणि शिलाई मशीन होतं. आम्ही सांगितलं, आम्हाला लग्नाची भांडी पाहिजेत. वरण-भाताचे मोठे गंज, कढया, पराती, झारे, बादल्या, सतरंज्या. गावात लग्न निघालं की कळंबहून भांडी भाड्याने आणावी लागतात. तो दुकानदार एक झारा हरवला तरी नवरदेवासमोर ओरडतो.

मॅडम म्हणाल्या, यातून उत्पन्न काय? यावर भागीरथाबाई फार छान बोलल्या. "पापड कोन घेईन मॅडम? घरोघरी पापड होते. अन् लग्न तं कितीबी वाईट साल आलं तरी कराच लागते." मॅडमनी हसून लिहून घेतलं.

जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, गावात घटना झाली आहे का. या वर्षी जिल्ह्यात कोणीही आलं की हेच विचारतं. घटना म्हणजे कर्जापायी कोणी औषध पिणं, ते आम्हाला आता समजतं. मी म्हटलं, आमच्या गावात देवाच्या दयेने काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, झालं असतं तर फाइल लवकर सरकली असती. बोलून गेल्या आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, चहा न घेताच निघाल्या.

२१ जानेवारी, रविवार

बाबुलालच्या एसटीडीवर यांचा फोन आला. दर रविवारी येतो. बाबुलाल पोराला पाठवतो आणि मी पदर खोचून धावत जाते. गाव हसतं तर हसू दे.

भांड्यांचं सांगितलं तर साहेब खूश झाले. म्हणाले, "मोठा गंज मोठाच घ्या. अन् कड्या रिवेट मारलेल्या पाह्य. झाळलेली कडी उकळत्या वरनासंगं निसटते." घरची विचारपूस राहिली बाजूला, कड्यांवरच बोलत बसले. मग म्हणाले, पायलीले सांग, तिच्या लग्नाचं वरण मी स्वतः उतरवीन.

पायलला सांगितलं तर ती लाजून आत गेली.

१३ फेब्रुवारी

मंजुरी आली! पैसे यायला वेळ आहे, पण कागद आला. त्यात एक अट आहे. गावानेही आपल्या पदरचं काही घातलं पाहिजे, त्याला लोकवाटा म्हणतात. पैसे नसतील तर भांडी ठेवायला जागा दिली तरी चालते.

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसल्या. मी म्हटलं, आमच्या समोरच्या खोलीत ठेवा. ही खोली पायलच्या बाबांच्या हत्यारांची. पान्हे, पट्टे, तेलाचे डबे. ती सगळी खाटेखाली सरकवली. त्यांना विचारलं नाही. आल्यावर थोडे रागावतील, मग कुलूप कसं लावायचं ते मला शिकवत बसतील.

जो जागा देतो त्याचं नाव सगळ्यात मोठ्या गंजावर टाकायचं असं ठरलं. सुखीबाईंनीच सुचवलं. सुखीबाई म्हणजे तांड्यावरच्या, आमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, बाईचं नाव टाका. मी म्हटलं, नाही, खोली ज्याची त्याचं नाव. यांचं नाव आजवर रेशन कार्डाशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. फोनवर सांगायचं नाही. लग्नात वरण उतरवायला गंज धरतील तेव्हा स्वतःच वाचतील.

१८ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही. काम असेल.

२५ फेब्रुवारी, रविवार

आजही नाही. बाबुलालकडे जाऊन बसले. तो म्हणाला, वहिनी, लाइन खराब आहे. माझ्यासमोर दोघांचे फोन येऊन गेले.

२७ फेब्रुवारी

काल पोलीस पाटलांकडे जीप आली होती. आज घनश्याम, माझा धाकटा दीर, सकाळच्या एसटीने गेला. मला नंतर समजलं. गुजरातेत गेला म्हणे, तिकडे आपल्यालाही काम मिळतं का बघायला. कापूस संपत आला आणि आता याला कामाची आठवण झाली. निदान मला सांगून गेला असता तर मी यांच्यासाठी शेवया पाठवल्या असत्या.

भागीरथाबाईंनी वांग्याची भाजी पाठवली. का, ते काही सांगितलं नाही.

८ मार्च

घनश्याम आला. डोकं आणि मिशी सफाचट! विचारलं तर म्हणे, तिकडे एका देवाला नवस केला होता. मी म्हटलं, तुम्ही कधीपासून देवाचे झाले? आमच्या घरात तुमच्याएवढा नास्तिक कोणी नव्हता. पायलनेही काकाची फार मजा घेतली, डोक्यावरून हात फिरवून बघितला. तो हसला नाही. पाणी पिऊन लगेच उठला.

यांचं विचारलं. भेट झाली, बरे आहेत, काम जोरात आहे, फोनपर्यंत जायला सवड नाही. लग्नाला येतील. हे सगळं भिंतीकडे पाहत सांगितलं. शेवटी म्हणाला, "दादानं सांगतलं, पोरीचं लग्न पुढं ढकलू नका." हे तर मलाही माहीत आहे. मुलाची आजी आजारी आहे आणि लगेच धोंड्याचा महिना लागतो. सहा मे ठरली आहे ती ठरली.

आज महिला दिन म्हणून मॅडमनी पेढे वाटले. ही गटाची नोंद.

१९ मार्च, पाडवा

आम्ही गुढी उभारली. घनश्यामच्या दारात गुढी नाही. जाऊबाईंना विचारलं तर म्हणाल्या, अडचण आहे. त्यांची अडचण मागच्या आठवड्यातच झाली, त्याच मला म्हणाल्या होत्या. दोघा नवरा-बायकोत काहीतरी बिनसलं असेल, मी कशाला मध्ये पडू.

त्यांच्यासाठी पुरणपोळी पाठवली. ताट तसंच झाकलेलं परत आलं.

१ एप्रिल, रविवार

आता मनातलं लिहिते. हे पान मॅडमना दाखवणार नाही.

यांचा फोन मला येत नाही, घनश्यामच्या मोबाइलवर येतो म्हणे. माझ्याशी बोलायला काय झालं? घनश्याम सांगतो ते निरोप तरी कसे, दादा बरा आहे, दादाने विचारलंय. काय विचारलंय ते मात्र याला कधी आठवत नाही.

गावातल्या बायका माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने पाहतात. विहिरीवर गेले की बोलणं थांबतं. भागीरथाबाई आजकाल माझ्याशी इतक्या गोड वागतात की मला वाटलं, यांना सचिवपद आपल्या सुनेला द्यायचंय. पण तसं नाही. काल त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाईच्या पाठीवर बाई असा हात कधी फिरवते ते मला समजतं. तिकडे दुसरी कोणी आहे. घनश्यामने डोळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला नाही.

एवढी वर्षं संसार केला. हा माणूस कधी कोणाकडे वर मान करून पाहायचा नाही. मला विश्वास बसत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. येऊ देत लग्नाला. पोरीची पाठवणी होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. मग एकेक हिशेब विचारीन.

१७ एप्रिल

अनुदान जमा झालं. येत्या आठवड्यात यवतमाळला जाऊन भांडी आणायची. पायलला ताप आहे म्हणून मी जाणार नाही. भागीरथाबाई जातील आणि सोबत टेम्पो घेऊन घनश्याम.

बैठकीत भागीरथाबाईंनी अचानक नवं काढलं. म्हणे मोठ्या गंजावर कोणाचंच नाव नको, नुसतं गटाचं टाकू. मी चिडले. ठरलेलं आहे, ठरावात लिहिलेलं आहे. त्या पुन्हा म्हणाल्या, "नलू, राहू दे ना वं." मी म्हटलं, तुमच्या घरावर पोलीस पाटील म्हणून पाटी आहे, आमच्या माणसाचं नाव एका गंजावर आलं तर तुमचं काय जातं? एकट्या सुखीबाई म्हणाल्या, टाका टाका, तिचं मन आहे तर टाका.

कागदावर मी नाव लिहून दिलं: श्रावण देवाजी नेवारे. आधी श्री. लिहिणार होते, पण आपल्याच नवऱ्याला आपणच श्री. लिहायचं म्हणजे कसंतरी वाटलं. दुकानदार टाकेल त्याच्या मनाने.

२४ एप्रिल

भांडी आली! अंगणात मांडली तर अंगण पुरलं नाही. सगळी जर्मन धातूची, चांदीसारखी पांढरी. आधी कड्या पाहिल्या. रिवेटच्याच आहेत.

मग मोठ्या गंजावरचं नाव वाचलं. "उजेड महिला बचत गट, शासकीय अनुदानातून." त्याच्या खाली: "कै. श्रावण देवाजी नेवारे यांजकडून."

कै.! जिवंत माणसाला कैलासवासी करून ठेवलं. माझं डोकंच फिरलं. बायकांसमोर घनश्यामला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो टेम्पोतली शेवटची बादली उतरवत होता, ती घेऊन तसाच उभा राहिला. भागीरथाबाई मध्ये पडल्या, म्हणाल्या, दुकानदाराची चूक आहे, त्याच्याकडे सगळे लोक आईबापाच्या स्मरणार्थच भांडी आणतात, हाताला सवय. असेल. पण तुम्ही दोघं तिथे काय करत होतात?

पायल म्हणाली, "जाऊ दे आई, बाबा आले का हसतीन." बाबाला ती ओळखते. तो खरंच हसेल. पण लग्नाच्या चुलीवर असा गंज मी चढवणार नाही.

नोंद: मोठा गंज, नावात चूक. दुरुस्त करून घेणे.

२५ एप्रिल

घनश्याम दोनदा येऊन गेला. म्हणे वहिनी, मी जाईन, तुम्ही नका जाऊ, ऊन फार आहे. इतके दिवस माझ्या उन्हाची काळजी नव्हती. मी उद्या पहिल्या एसटीने जाणार.

२६ एप्रिल, गुरुवार

यवतमाळला गेले होते.

नाव टाकणारा म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसतो, जाड चष्मा, हातात मशीन. मी त्याला धारेवर धरलं. म्हटलं, जिवंत माणसाला मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? त्याने मशीन बंद केलं. तो काय म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्याचा प्रत्येक शब्द मला ऐकू येतो आहे.

"बाई, मी इचारल्याबिगर कधी कोरत नाही. कागदावर नुसतं नाव होतं. म्हनून त्या खुरट्या केसाच्या मानसाले इचारलं, श्री. टाकू का कै. टाकू? तो काही बोलेच ना. पुन्हा इचारलं तं तो इथंच पायरीवर बसला अन् तोंड झाकून रडाले लागला. मंग मी समजलो."

मी उभीच होते. त्याने आपल्या खालचं पोतं काढून मला बसायला दिलं. म्हणाला, चूक झाली असली तर सांगा, खोडता येत नाही पण फुली मारून वर श्री. टाकून देतो. मी म्हटलं, राहू द्या. त्याने विचारलं, कोण होते तुमचे? मी म्हटलं, घरचेच.

टक्कल. गुढी. झाकलेलं ताट. पोलीस पाटलांकडे आलेली जीप. पाठीवरचा हात.

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. शेतात कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मला एकच वाटत राहिलं, बाई असती तर बरं झालं असतं. दुसरी बाई असती, दोन लेकरं असती तिकडे, तरी चाललं असतं. मी भांडले असते, पण तो असता.

फाट्यावर घनश्याम सायकल घेऊन उभा होता. सकाळपासून उभा असावा, ओठ सुकलेले. म्हणाला, झालं का वहिनी? त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजलं की मी आता एक शब्द बोलले तर हा इथेच रस्त्यावर कोसळेल. घरी पायल चिरोट्याचं पीठ मळत होती. मी म्हटलं, कारागीर गावाला गेला होता. भेट झाली नाही.

तो म्हणाला, बरं. माझी पिशवी त्याने सायकलला अडकवली आणि आम्ही चालत घरी आलो.

२८ एप्रिल

काल लिहिलं नाही. आज लिहिते.

कधी झालं, कसं झालं, मला माहीत नाही. विचारलं तर समजेल. विचारणार नाही. विचारलं की रडावं लागेल, रडले की पायलला समजेल, आणि वणीची माणसं वर्षभर थांबणार नाहीत. दारात मढं नसलं तरी सुतक असतं. घनश्यामने यासाठीच हे सगळं केलं. त्याच्या भावाने सांगितलं म्हणून नाही. भाऊ काही सांगायला उरला होता की नाही, देव जाणे.

म्हणजे आता असं आहे. गावाला माहीत आहे आणि मला माहीत नाही असं गावाला वाटतं. मला माहीत आहे हे गावाला माहीत नाही. आणि पायल रोज विचारते, बाबा कधी येणार? मी सांगितलं, गाडीत जागा मिळाली की.

इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. आता जीभ अडखळतसुद्धा नाही.

खाटेखालचे पान्हे काढून पुसले. गंज चढला होता त्यांना.

३ मे

पायलने आज भांडण केलं. बाबा निघाले का नाही, काकाच्या मोबाइलवरून मले बोलू द्या. घनश्याम बाहेर निघून गेला. मी तिला म्हटलं, तुझा बाप कामाचा माणूस आहे, काम टाकून आला तर मालक पुढच्या साली घेणार नाही. ती म्हणाली, मले मालकाशी काय करायचं आहे? मग रडली. मी तिच्या केसांना तेल लावून दिलं. तिला राग बापाचा आला आहे. आठ-दहा दिवस असू दे राग. रागाने माणूस उभं तरी राहतं.

५ मे

हळद झाली. पहिली हळद आईने लावायची. मी वाटी हातात घेतली आणि हात पुढे जाईना. विधवेने हळद लावायची नसते. मला माहीत आहे, माझ्यासमोर बसलेल्या सगळ्या सवाष्णींना माहीत आहे, आणि त्या सगळ्या जमिनीकडे पाहत होत्या. एकीनेही मला अडवलं नाही. अडवायचं तर सांगावं लागलं असतं.

मी लावली. पोरीच्या दोन्ही गालांना, भरल्या बोटांनी. काही अशुभ असेल तर ते माझ्यावर येवो. मी जन्म दिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की तू कोण आहेस.

सुखीबाई तिकडे विहिरीजवळ उभ्या होत्या, लांब. नवरा जाऊन जमाना झाला, त्या कुठल्याच हळदीला जवळ येत नाहीत. मी त्यांना हाक मारली आणि म्हटलं, या, तुम्हीपण लावा. बायकांत कुजबुज झाली. सुखीबाई आल्या. पायलला हळद लावली, आणि बोटाला उरलेली माझ्या हातावर पुसली. कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "समजलं ना तुले?"

मी मान हलवली. त्या लगेच मोठ्याने दुसरंच काही बोलू लागल्या.

६ मे, रविवार

लग्न लागलं.

पहाटे आचाऱ्याने चुली पेटवल्या. मोठा गंज चढवण्याआधी पूजा करायची होती. मी हळद-कुंकू कालवून घट्ट लेप केला आणि कै. वर लावला. चांगला जाड, बोटाने दाबून. बाकीचं नाव उघडं ठेवलं. नुसतं श्रावण देवाजी नेवारे. चुलीच्या उजेडात छान दिसलं.

मॅडम आल्या, कॅमेरा घेऊन. अनुदानाच्या वस्तूचा पहिला वापर, फाइलला फोटो लागतो. म्हणाल्या, अगं नलूताई, ते कुंकू जरा पुसा, पूर्ण नाव दिसलं पाहिजे. त्या बिचाऱ्या पदर पुढे करून स्वतःच पुसायला गेल्या. मी त्यांचा हात धरला. "आज नको मॅडम. उद्या घासल्यावर काढा."

आवाज जरा वर गेला असावा. भागीरथाबाई पातेलं घेऊन चालल्या होत्या त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. पातेलं खाली ठेवून त्या मांडवामागे निघून गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

वणीच्या पाहुण्यांनी व्याह्यांची चौकशी केली. सांगितलं, रस्त्यात आहेत. कन्यादान घनश्याम आणि जाऊबाईंनी केलं. नंतर सवाष्णींना कुंकू लावायची वेळ आली, मी उठून जाणार तर बायकांनी मला बसवलं. एकेक जण येऊन माझ्या कपाळाला कुंकू लावत होती. कोणी दोनदा लावलं. जाऊबाईंनी लावलं तेव्हा ते नाकावर सांडलं. मी म्हटलं, नीट लावा, आज पोरीचं लग्न आहे. इतकं कुंकू माझ्या स्वतःच्या लग्नातही मला लागलं नव्हतं.

वरण घनश्यामने उतरवलं. दोन्ही कड्या धरून, एकटाच, आचाऱ्याला हात लावू दिला नाही. कड्या हलल्या नाहीत.

पाठवणीला पायल माझ्या गळ्यात पडून म्हणाली, बाबाले सांग, मी बोलनार नाही त्याईच्यासंगं. मी म्हटलं, सांगीन. गाडी फाट्यापर्यंत दिसली. मग धूळ बसली आणि मी मांडवात येऊन खाली बसले. घनश्याम समोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आता सांगा भाऊजी. सगळं सांगा."

त्याने सांगितलं. पहिला फोन चुकला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगाला आग लागली. हे बाहेर होते. पट्टा बंद करायला आत गेले, बटण त्यांनाच माहीत होतं. गावचा पत्ता शोधून निरोप यायला आठवडा गेला, घनश्याम पोहोचला तेव्हा आणण्यासारखं काही नव्हतं. तिकडेच नदीवर सगळं केलं. मी विचारलं, दादाने खरंच निरोप दिला होता का, लग्न ढकलू नका म्हणून? तो म्हणाला, नाही वहिनी. तो मीच बोललो.

मग आम्ही दोघं रडलो. बायका आल्या, बांगड्या फोडल्या. मी कोणाला थांबवलं नाही.

८ मे

पायलला आणायला घनश्याम वणीला गेला आहे. लग्नाची हळद उतरायच्या आत पोरीला हे सांगायचं आहे. तो म्हणाला, मी सांगतो. मी म्हटलं, नको, घरी आणा, मी सांगीन. तुम्ही पुष्कळ दिवस ओझं वाहिलं.

मोठा गंज सकाळी राखेने घासला. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, नखाने काढावं लागलं. अक्षर स्वच्छ निघालं.

मॅडमनी सांगितलं आहे की भांडी ज्या घरी जातील त्याची नोंद ठेवा. ती अशी.

पहिला वापर: नेवारे यांचेकडे, मुलीचे लग्न. मोठा गंज, कढया, पराती, सर्व. स्थिती चांगली.

दुसरा वापर: नेवारे यांचेकडे, तेरवीचे जेवण. फक्त मोठा गंज.

२४ एप्रिलची नोंद रद्द. गंजावरच्या नावात चूक नाही.